आयत्या बिळातली राणी: बुरशी पिकवणाऱ्या मुंगीची नवी प्रजाती कशी ठरते

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात रिओ क्लारो नावाचं शहर आहे. तिथल्या राज्य विद्यापीठाच्या आवारात निलगिरीची झाडं आहेत. त्या झाडांखालच्या मातीत, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या मुंग्या बुरशीची शेती करतात. त्यांचं नाव मायकोसेप्युरस गेल्डीआय. क्रिस्टियान राबेलिंग हे संशोधक त्यांची बिळं उकरून बघत होते, तेव्हा काही बिळांत त्यांना दोन तऱ्हेच्या राण्या आढळल्या. एक नेहमीची, ऐसपैस. दुसरी इतकी लहान की कामकरी मुंग्यांच्या घोळक्यात चटकन वेगळी दिसू नये. दोघी एकाच बागेत वावरत होत्या आणि त्याच कामकरी मुंग्या दोघींची सेवा करत होत्या.

या लहान राणीला २०१० साली स्वतंत्र नाव मिळालं: मायकोसेप्युरस कॅस्ट्रेटर. राबेलिंग आणि ब्राझीलचे माउरिसिओ बाची यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. बातमीत हे एका ओळीत येतं, ‘मुंगीची नवी प्रजाती सापडली’. मला ‘सापडली’ या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. सापडली ती एक लहान राणी. ती नवी प्रजाती आहे, हे सिद्ध करावं लागलं. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते कसं कापतात, हे समजून घेऊ.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. जुन्या मराठी जीवशास्त्राच्या पुस्तकांत स्पीशीजला ‘जाती’ आणि तिच्या वरच्या पायरीला, म्हणजे जीनसला, ‘प्रजाती’ म्हणत. हल्ली वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात आणि वाचकांच्या कानाला तेच बसलं आहे. मीही इथे तेच वळण ठेवतो आणि जीनसला ‘वंश’ म्हणतो. मायकोसेप्युरस हा वंश, गेल्डीआय आणि कॅस्ट्रेटर या त्यातल्या दोन प्रजाती. मायकोसेप्युरस हे नाव ग्रीक शब्दांवरून आलं आहे आणि त्याचा अर्थ ‘बुरशीचा माळी’. इतकं चपखल नाव क्वचितच एखाद्या प्राण्याला मिळतं.

मुंगीची शेती

बुरशी पिकवणाऱ्या मुंग्यांच्या सुमारे २५० प्रजाती माहीत आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या. अर्जेंटिनापासून अमेरिकेच्या संस्थानांपर्यंत त्या आढळतात, बाकी जगात कुठेच नाहीत. आपल्याकडे बुरशीची शेती करते ती वाळवी. आपण ज्याला बिनदिक्कत ‘मुंग्यांचं वारूळ’ म्हणतो, ते बहुतेक वेळा वाळवीचं घर असतं आणि त्याच्या पोटात बुरशीचे स्पंजासारखे गोळे असतात. पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते, ती वारुळावरची अळंबी. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, तिला सातेरीचं रूप मानून पुजतात, आणि रोयणीवरच्या अळम्यांची लोक वर्षभर वाट बघतात. वाळवीची शेती आफ्रिकेत आणि आशियात, मुंग्यांची अमेरिकेत. दोघींनी ही विद्या एकमेकींपासून पूर्ण अलग राहून मिळवली. वाळवी आणि मुंगी नात्यानं इतक्या लांबच्या आहेत की वाळवीला मुंगीपेक्षा झुरळ जवळचं.

मुंग्यांच्या शेतीतलं सर्वांत दिसणारं रूप म्हणजे पानं कापून नेणाऱ्या मुंग्या. हिरव्या पानांचे तुकडे डोक्यावर छत्रीसारखे धरून चाललेली त्यांची रांग अनेकांनी माहितीपटांत पाहिलेली असते. लोकांना फार दिवस वाटायचं की त्या पानं खातात. हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गअभ्यासकाला वाटलं, की त्या पानांनी बिळाचं छप्पर शाकारतात. निकाराग्वात खाणींवर काम करणाऱ्या थॉमस बेल्ट या इंग्रज अभियंत्यानं बिळं खणून पाहिली आणि १८७४ मध्ये लिहिलं, की पानं हे खत आहे, मुंग्या त्यावर बुरशी वाढवतात आणि बुरशी खातात. पुढे आल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञानं दक्षिण ब्राझीलमध्ये अभ्यास करून १८९३ मध्ये हे पक्कं केलं.

आपल्या मायकोसेप्युरस मुंग्या मात्र पानं कापत नाहीत. त्या या कुळातल्या जुन्या वळणाच्या, लहान शेतकरी. सुरवंटांची लेंडी, गळलेल्या फुलांचे कण, बियांचे तुकडे असं काहीबाही गोळा करायचं आणि त्यावर बुरशी लावायची. पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या एका वसाहतीत लाखो कामकरी मुंग्या असतात; इथे सगळा संसार छोटा, बागही छोटी.

बाग म्हटलं की निंदणी, खुरपणी आलीच. या मुंग्या बागेतली नको ती बुरशी वेचून काढतात. एस्कोव्हॉप्सिस नावाची एक परजीवी बुरशी या बागांवर रोगासारखी पसरते, आणि तिला आवर घालण्यासाठी यांतल्या अनेक प्रजाती अंगावर जिवाणू पोसतात, जे प्रतिजैविक द्रव्यं तयार करतात. कॅमरन करी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे उजेडात आणलं. त्याआधी शंभर वर्षं अभ्यासक मुंग्यांच्या अंगावरचा तो पांढरा थर पाहत होते आणि त्याला मेणासारखा काही पदार्थ समजत होते.

वयात आलेली राणी बीळ सोडून निघते तेव्हा तोंडातल्या एका छोट्या खिशात बुरशीचा कण घेऊन निघते. विरजण घेऊन सासरी जावं तसंच हे. मिलन झालं की जमिनीत एकटीनं खोली खणायची, तो कण बाहेर काढून रुजवायचा, आणि त्यावर पहिली पिल्लं वाढवायची. कण मेला तर सगळं संपलं. बहुतेक राण्या याच टप्प्यावर मरतात.

या शेतीचं वय ऐकलं की माणसाच्या दहा-बारा हजार वर्षांच्या शेतीचं काही वाटेनासं होतं. टेड शुल्झ आणि त्यांच्या मोठ्या चमूनं शेकडो बुरशी आणि मुंग्यांची जनुकं तपासून २०२४ मध्ये मांडलं, की मुंग्यांची शेती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झाली. म्हणजे डायनासोर ज्या उल्कापातानं संपले, त्याच सुमारास. आकाश काळवंडलं, झाडं मेली, कुजक्या पाचोळ्यावर बुरशीचं राज्य आलं, आणि ज्या मुंग्या बुरशीच्या जवळ होत्या त्या तगल्या. बुरशी पूर्णपणे मुंग्यांच्या ताब्यात जाऊन, जंगलातल्या आपल्या भाऊबंदांपासून तुटून, खरंखुरं ‘लागवडीचं पीक’ झाली ती मात्र खूप नंतर, सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी.

आयत्या बिळावर

आता ती लहान राणी. तिला ना खोली खणायची, ना विरजण रुजवायचं, ना पहिल्या पिल्लांसाठी उपाशी राहायचं. ती गेल्डीआयच्या भरल्या बिळात शिरते आणि तिथेच अंडी घालते. आपल्याकडे अशा वागण्याला ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतात. म्हणीतला नाग मात्र बिळातल्या मूळ रहिवाशांना खाऊन किंवा पळवून लावून राहतो. ही राणी कोणाला हाकलत नाही. घरची राणी जिवंत राहते, अंडी घालत राहते. घरच्या कामकरी मुंग्या दोघींची अंडी सांभाळतात, दोघींच्या पिल्लांना बुरशी भरवतात.

बदलतं ते एवढंच, की परकी राणी आली की घरच्या राणीच्या पोटी फक्त कामकरी मुंग्या जन्मतात. नवीन राण्या आणि नर, म्हणजे पुढची पिढी चालवणारी संतती, होत नाही. ती सगळी परकीची. परकी स्वतः एकही कामकरी मुंगी जन्माला घालत नाही. हिशेब लावून पाहा: शेतावर राबणारे हात तिला हवेत, ते घरची राणी पुरवते, वारस मात्र तिला स्वतःचेच हवेत. म्हणून तिचं नाव कॅस्ट्रेटर, खच्ची करणारी. नाव कठोर आहे, पण एका शब्दात तिचं सगळं आयुष्य त्यात आलं आहे, आणि प्रजातीचं नाव असंच असावं असं मला वाटतं.

लहान आकाराचाही अर्थ इथे लागतो. मुंग्यांच्या समाजात घुसखोर उघडा पडला तर कामकरी मुंग्या जमावानं येऊन त्याला मारतात. कामकरी मुंगीएवढीच दिसणारी राणी लपून जाते. दुसरा बदल लग्नाचा. गेल्डीआयच्या राण्या आणि नर पावसाळा सुरू होताना बाहेर पडून जोड्या जमवतात. कॅस्ट्रेटरची लग्नं बिळातच लागतात.

परक्या समाजाच्या आत राहून, कामकरी मुंग्यांशिवाय जगणारे असे परजीवी मुंग्यांच्या इतर कुळांतही आहेत. बुरशी पिकवणाऱ्यांमध्येही पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या बिळात राहणारी एक प्रजाती अर्जेंटिनातून १९१६ पासूनच माहीत होती. पण जुन्या वळणाच्या छोट्या शेतकऱ्यांमध्ये असं बांडगूळ पहिल्यांदाच दिसत होतं.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते.

लहान राणी म्हणजे वेगळी प्रजाती कशावरून?

एकाच बिळात दोन आकारांच्या राण्या दिसल्या, यावरून दोन प्रजाती असं म्हणता येत नाही. एकाच आईच्या पोटी उंच आणि ठेंगणी मुलं असतात. एकाच प्रजातीत मोठ्या आणि छोट्या राण्यांचे दोन साचे असू शकतात.

हा नुसता तर्क नाही, युरोपात अगदी असंच घडलं होतं. तिथे मिर्मिका रुब्रा नावाची सर्वत्र आढळणारी लाल मुंगी आहे. तिच्या बिळांत कधी कधी ठेंगण्या राण्या सापडतात आणि त्याही घरच्या राण्यांबरोबर राहून आपली संतती वाढवून घेतात. बर्नहार्ड झायफर्ट या मुंग्यांच्या नामांकित वर्गीकरणतज्ज्ञानं १९९३ मध्ये या ठेंगण्या राणीला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं, मिर्मिका मायक्रोरुब्रा. मोजमापं होती, वर्णन होतं, सगळं रीतसर. पुढे जनुकं तपासली गेली, मापं पुन्हा घेतली गेली, आणि २००६ साली निष्कर्ष निघाला, की ही वेगळी प्रजाती नाही. त्याच मुंगीचं दुसरं रूप आहे, दोन्ही रूपांत जनुकांची देवाणघेवाण चालू आहे. नाव रद्द झालं. या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये स्वतः झायफर्ट होते.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्यानं नाव दिलं तोच पुरावा पाहून ते मागे घेतो. नवी प्रजाती जाहीर करणं म्हणजे एक विधान करणं असतं: ‘हा जीव बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, आणि तो वेगळा राहतो.’ विधान असं मांडावं लागतं की उद्या दुसऱ्या कुणालाही ते तपासता यावं आणि चूक असेल तर खोडता यावं. वर्णन लिहिण्याचे सगळे किचकट नियम याच एका गरजेपोटी आले आहेत.

म्हणजे रिओ क्लारोच्या लहान राणीपुढे दोन रस्ते होते. ती मायक्रोरुब्रासारखी निघू शकत होती. किंवा खरोखर वेगळी. कोणती, हे ठरवायला आधी मुंग्या हव्या होत्या.

बिळापासून टाचणीपर्यंत

या मुंग्यांचं दार म्हणजे बारीक मातीच्या कणांचं छोटं कडं आणि मध्ये एक भोक. पाऊल पडलं तर दिसेनासं होईल. बीळ वरून सरळ खणत गेलं तर माती आत कोसळते आणि बाग चिरडते. म्हणून दारापासून थोडं बाजूला खड्डा घेतात, मग खड्ड्याची भिंत बिळाच्या दिशेनं पातळ पातळ तासत नेतात. तासता तासता अचानक पोकळी उघडते, आत बुरशीची बाग आणि तिच्यावर मुंग्या. मग चमच्यानं बाग, चिमट्यानं मुंग्या. काही मुंग्या अल्कोहोलच्या बाटलीत, काही जिवंत, तळाला प्लास्टर ओतलेल्या डब्यात. प्लास्टर ओलं ठेवलं की बिळातल्यासारखा दमटपणा टिकतो आणि वसाहत प्रयोगशाळेत जगते. ही परकी राणी खरंच फक्त राण्या आणि नरच जन्माला घालते का, मिलन बिळातच होतं का, हे प्रश्न जिवंत वसाहतीकडे बघत बसल्याशिवाय सुटत नाहीत.

एक बीळ पुरत नाही. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बिळांत तोच प्रकार दिसावा लागतो, कारण एखादी खुरटी राणी कुठेही निपजू शकते.

मग सूक्ष्मदर्शकाखालचं काम. मुंगीला टाचणी टोचली तर तिचे तुकडे होतील. त्यासाठी जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापतात, टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूला टोचतात, आणि निमुळत्या टोकावर डिंकाच्या कणानं मुंगी चिकटवतात. टाचणीला खाली चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी, कोणत्या बिळातून. चिठ्ठी नसलेली मुंगी वर्गीकरणाच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी.

मग मापं. डोक्याची रुंदी, डोक्याची लांबी, मिशीच्या पहिल्या लांब पेराची लांबी, आणि धडाची लांबी. धडाच्या या मापाला ‘वेबर लांबी’ म्हणतात आणि जगभर कुठलीही मुंगी मोजताना ते घेतात. हे नाव ज्या नील वेबर यांच्यावरून आलं, त्यांनी आयुष्यातली कित्येक दशकं बुरशी पिकवणाऱ्या मुंग्यांनाच दिली होती. नुसत्या मापापेक्षा मापांचं प्रमाण जास्त बोलकं असतं. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, असा एक आकडा काढतात. लहानमोठ्या मुंग्यांची तुलना त्यानं नीट होते. लहान गेल्डीआय आणि कॅस्ट्रेटर यांतला फरक फक्त उंचीचा असता तर प्रमाणं सारखी यायला हवीत.

मापांखेरीज पृष्ठभाग बघतात: कातडीवरचे खड्डे, रेघा, केस, काटे, मिशीच्या पेरांची संख्या, पंखांतल्या शिरा. मायकोसेप्युरसच्या पाठीवर काट्यांचं कडं असतं, मुकुटासारखं, त्यावरून वंश लगेच ओळखता येतो. आयत्या बिळात राहणाऱ्या परजीवी मुंग्यांमध्ये एक ठरावीक घसरण दिसते. आकार घटतो, खडबडीत कातडी गुळगुळीत होते, तोंडाचे अवयव साधे होतात. कष्ट करायचे नाहीत तर हत्यारं कशाला, असा हा मामला. कामकरी मुंगीच नसल्यामुळे वर्णन लिहिताना आणखी एक उलटापालट होते: बहुतेक मुंग्यांच्या प्रजाती कामकरी मुंगीवरून वर्णन केल्या जातात, इथे सगळी भिस्त राणी आणि नर यांवर.

यानंतर येतो सर्वांत वेळखाऊ भाग: आपल्या आधी कुणी हिला नाव दिलं आहे का? जगात मुंग्यांच्या १४ हजारांहून जास्त प्रजातींना नावं आहेत. पूर्वीच्या मंडळींनी सढळ हातानं नावं वाटली. फोरेल, एमरी, सांची हे जुने दिग्गज प्रजातीच्या खाली उपप्रजाती आणि तिच्याही खाली ‘व्हरायटी’, म्हणजे वाण, असं चार-चार शब्दांचं नाव देत. रंग थोडा फिका, केस थोडे कमी, की झाला नवा वाण. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनं या प्रकाराला लगाम घातला. १९६० नंतर ‘व्हरायटी’ म्हणून दिलेलं कुठलंही नवं नाव संहितेच्या हिशेबी धरलंच जात नाही. आंब्याच्या, भाताच्या नव्या वाणाची नोंद होते; मुंगीच्या नव्या वाणाची होत नाही. एक तर ती प्रजाती किंवा उपप्रजाती म्हणून मांडा, नाहीतर सोडून द्या.

जुन्या नावांचा पसारा आवरणं हेही वर्णनाचंच काम. याच कुळातला सेरिकोमिर्मेक्स हा रेशमी केसांच्या मुंग्यांचा वंश घ्या. आना येशोव्निक आणि टेड शुल्झ यांनी २०१७ मध्ये तो मुळापासून तपासला. शेवटी ११ प्रजाती उरल्या. त्यांतल्या ३ नव्या होत्या. नव्या नावांपेक्षा मोडीत निघालेली जुनी नावं जास्त होती. त्या तीन नव्यांपैकी एकीचं नाव रेडिओहेड या ब्रिटिश बँडवरून ठेवलं म्हणून बातमी जगभर गेली. मला त्या कामातला तो निकालात काढलेला ढीग अधिक महत्त्वाचा वाटतो. एकाच मुंगीला तीन नावं असली की तिच्याबद्दलचं ज्ञान तीन कप्प्यांत विखुरतं आणि कुणालाच पूर्ण दिसत नाही.

जुनी नावं तपासायची म्हणजे जुने नमुने बघायचे. फोरेल यांचा संग्रह जिनिव्हात आहे, सांची यांचा बाझेलमध्ये, एमरी यांचा जेनोव्हात. पूर्वी तिथे जावं लागे किंवा नमुने टपालानं मागवावे लागत. आता कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या अँटवेब या संकेतस्थळावर हजारो मूळ नमुन्यांचे बारीक तपशिलातले फोटो आहेत. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलीला शंभर वर्षांपूर्वी टाचलेली मुंगी फोनवर बघता येते. या क्षेत्रात गेल्या पंचवीस वर्षांत झालेला हा सर्वांत लोकाभिमुख बदल आहे.

जनुकांची साक्ष

कॅस्ट्रेटरचं नाव २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, तरी मायक्रोरुब्राची सावली होतीच. तिचा निकाल २०१४ मध्ये लागला. राबेलिंग, शुल्झ, नाओमी पिअर्स आणि बाची यांनी दोन प्रकारची जनुकं वाचली. पेशीच्या केंद्रकातली, जी आई आणि बाप दोघांकडून येतात, आणि मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातली, जी फक्त आईकडून येतात.

दोघी एकाच प्रजातीच्या असत्या, तर केंद्रकातली जनुकं मिसळलेली दिसली असती, कारण एका बिळातल्या राण्या आणि नर आपसात जुळले असते. तसं दिसलं नाही. परजीवीची जनुकं एका बाजूला, यजमानाची, म्हणजे घरच्या गेल्डीआयची, दुसऱ्या बाजूला. त्याच बिळात, त्याच बागेत राहूनही दोन्हींमध्ये संकर होत नव्हता. मायटोकाँड्रियाची साक्ष मात्र वेगळी होती: आईकडून येणारा तो धागा अजून यजमानाच्या धाग्यांत गुंतलेला. दोन साक्षी एकत्र ठेवल्या की चित्र उभं राहतं. परजीवीची फांदी यजमानाच्याच फांदीतून फुटली आहे, आणि फुटून फार काळ लोटलेला नाही. अंदाज निघाला सुमारे ३७ हजार वर्षांचा. प्रजातींच्या हिशेबात हे काल-परवाचं.

याचं महत्त्व मुंग्यांपुरतं नाही. नवी प्रजाती घडायला भूगोल लागतो, असा जीवशास्त्रातला प्रस्थापित समज आहे. मध्ये डोंगर येतो, नदी पात्र बदलते, एका प्राण्याचे दोन गट तुटतात, आणि हजारो पिढ्यांनंतर भेटले तरी एकमेकांना ओळखत नाहीत. कुठलाही अडसर मध्ये न येता, एकाच जागी राहून एकाच्या दोन प्रजाती होतात का, हा वाद विसाव्या शतकातले उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांच्या काळापासून चालत आला आहे. कॅस्ट्रेटरच्या बाबतीत भूगोल शून्य आहे. परजीवी आणि यजमान एका मुठीएवढ्या पोकळीत राहतात. त्यांना तोडलं ते लग्नाच्या जागेनं: एकीची जोडी बाहेर जमते, दुसरीची आत. परजीवी मुंग्या बहुधा आपल्या यजमानाच्या जवळच्या नातलग असतात, हे निरीक्षण कार्लो एमरी यांनी १९०९ मध्येच नोंदवलं होतं आणि त्याला त्यांचं नावही मिळालं. त्या नियमामागे काय घडत असावं, ते इथे जवळजवळ घडत असतानाच पाहायला मिळालं.

म्हणजे लहान राण्यांचं तेच कोडं, युरोपात उत्तर ‘एकच’ आलं आणि ब्राझीलमध्ये ‘दोन’. नुसत्या डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच दिसत होतं.

नमुना

वर्णन छापताना एक नमुना निवडावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. शेकडो मुंग्या हातात असल्या तरी नाव कायमचं बांधलं जातं ते या एका टाचणीवरच्या एका मुंगीशी. होलोटाइप सर्वांत सुबक किंवा सर्वांत सरासरी असायला हवा असं नाही. तो फक्त तिथे असायला हवा, सार्वजनिक संग्रहालयात, कुणालाही बघता येईल असा. उद्या कळलं की मी एक समजलो त्या दोन प्रजाती होत्या, तर मूळ नाव कुणाचं हे कसं ठरेल? होलोटाइप ज्या बाजूला पडेल तिचं. शब्दांचे अर्थ बदलतात, वर्णनं अपुरी ठरतात, मुंगी तीच राहते. मुंग्यांच्या नावांची ही साखळी जीवांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअस यांच्या १७५८ च्या यादीपर्यंत मागे जाते, आणि त्या पहिल्या यादीतही पानं कापणाऱ्या दोन मुंग्या आहेत. सेफालोटेस आणि सेक्सडेन्स ही त्यांची प्रजाती-नावं आजही तीच आहेत.

म्हणूनच २ सप्टेंबर २०१८ ला रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. सुमारे ५० लाख कीटकांचा तो संग्रह जवळजवळ पूर्ण नष्ट झाला. त्यातला प्रत्येक होलोटाइप म्हणजे एकेका नावाचा खुंटा होता. नावं कागदावर राहिली, ज्यांच्याशी ती बांधलेली होती ते जीव राख झाले.

होलोटाइप ठरला, बाकीचे नमुने वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटले, निदान लिहिलं, म्हणजे जवळच्या प्रजातींपासून ही कशी ओळखावी त्याच्या चार नेमक्या ओळी, फोटो लावले, नावाचा अर्थ सांगितला, लेख दोन-तीन परक्या तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला आणि छापून आला, की त्या दिवसापासून प्रजाती अधिकृत.

परजीवी मुंग्या फार थोड्या बिळांत, फार थोड्या ठिकाणी आढळतात. यजमान उदंड असला तरी त्यांची संख्या नेहमीच कमी, त्यामुळे एखादी जागा खणली, बांधली, फवारली गेली तर यजमान सावरतो, परजीवी संपतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत ज्या मुंग्या आहेत, त्यांत अशा परजीवी प्रजातींचा भरणा मोठा आहे. त्या यादीत जायला नाव लागतं. रिओ क्लारोच्या निलगिरीखाली ‘गेल्डीआयच्या काही खुरट्या राण्या’ राहत असत्या, तर त्यांच्यासाठी कुणी जागा राखली नसती. आता तिथे मायकोसेप्युरस कॅस्ट्रेटर राहते, आणि तिचा होलोटाइप त्रिकोणी कागदाच्या टोकावर चिकटलेला आहे, खाली चिठ्ठीसह.